फुफ्फुसाचा रोग आणि हृदयाची साक्ष

न्युमोनिया म्हणजे फुफ्फुसाचा रोग, एवढें आतां घरोघर ठाऊक झालें आहे. छातींत कफ दाटला, ताप चढला, श्वास लागूं लागला, कीं घरांतील वडील मंडळीच 'न्युमोनिया तर नव्हे ना' असें म्हणूं लागतात. परंतु या रोगांत जीं वयस्क माणसें दगावतात, त्यांपैकीं बऱ्याच जणांचा शेवट फुफ्फुसाच्या वाटेनें न होतां हृदयाच्या वाटेनें होतो, ही गोष्ट मात्र चांगल्या सुशिक्षित घरांतही अजून पुरती पोंचलेली दिसत नाहीं.

याची जाणीव आम्हांस एका वाचकांच्या पत्रानें झाली. हे गृहस्थ सातारा जिल्ह्यांतील असून एकत्र कुटुंबांत राहतात. त्यांच्या वडिलांचें वय ७४. जोराचा न्युमोनिया झाल्यामुळें त्यांना रुग्णालयांत ठेवावें लागलें. दुसऱ्या दिवशीं रक्ताच्या तपासणीचा जो कागद हातीं आला, त्यांत 'ट्रोपोनिन' या नांवापुढें आंकडा ठळक छापलेला असून तो मर्यादेबाहेर असल्याची खूण होती. धाकट्या भावानें तो शब्द मोबाइलवर शोधला, आणि 'हृदयविकाराचा झटका' असें उत्तर दिसतांच घरांत रडारड सुरू झाली. डॉक्टरांनीं येऊन सांगितलें कीं, हा झटका नाहीं; पण हृदयाला त्रास झाला आहे खरा, आतां अधिक जपलें पाहिजे. 'झटका नाहीं तर ही तपासणी केलीच कशाला, आणि केली तर तिच्यावरून आम्हीं काय समजावयाचें?' असा त्या गृहस्थांचा प्रश्न आहे. वडील सुखरूप घरीं आले हें वाचून आनंद वाटला. प्रश्न मात्र त्यांच्या एकट्याचा नव्हे, म्हणून हा महिना आम्हीं त्यालाच दिला आहे.

आम्हां संस्कृत शिकलेल्यांची खोड अशी कीं, शरीराची गोष्ट निघाली म्हणजे हात आधीं चरकाकडे जातो. चरकसंहितेच्या विमानस्थानांत प्राणवह स्रोतसांचें, म्हणजे प्राण वाहणाऱ्या मार्गांचें, मूळ कोठें आहे हें सांगतांना हृदयाचें नांव घेतलें आहे. आणि हृदय, बस्ति व शिर या तीन मर्मांसाठीं त्या ग्रंथांत स्वतंत्र अध्याय आहेत. एवढ्यावरून 'हें सारें आमच्या पूर्वजांना आधींच ठाऊक होतें' असा डंका पिटणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांच्या पंगतीला आम्ही बसत नाहीं. चरकापाशीं सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हतें आणि रक्तांतील द्रव्यें मोजण्याचें साधनही नव्हतें. परंतु श्वास व हृदय हीं दोन खातीं वेगळीं नाहींत, एकाची तूट दुसऱ्याला भरून द्यावी लागते, इतकें त्या काळच्या वैद्यांनीं रुग्णाच्या उशाशीं बसून ओळखलें असावें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ही तूट कशी भरली जाते तें पाहूं. न्युमोनियांत फुफ्फुसांतील वायुकोश पू व द्रव यांनीं भरतात. श्वास आंत जातो, पण प्राणवायु पुरेसा रक्तांत उतरत नाहीं. तेव्हां शरीर असलेलेंच रक्त अधिक वेगानें फिरवूं लागतें. एरवीं मिनिटास ७०-७५ ठोके देणारें हृदय ११०, १२०, कधीं १३० ठोके देऊं लागतें. आतां हृदयाच्या स्नायूला स्वतःसाठीं लागणारें रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधील विसाव्याच्या क्षणीं मिळत असतें. ठोके वाढले कीं नेमका तो विसावाच आखडतो. म्हणजे काम वाढलें आणि जेवणाची वेळ घटली. लग्नघरांत पंगतीमागून पंगती वाढीत राहणारी आणि स्वतःच्या पानावर शेवटीं बसणारी जी माउली असते, तिच्यासारखी गत त्या वेळीं हृदयाची होते. तरुण हृदय हें चार दिवस सोसून नेतें. सत्तरीच्या घरांतील, आधींच रोहिण्या अरुंद झालेल्या हृदयाला तें झेपेलच असें नाहीं.

ओझें एवढ्यानें संपत नाहीं. फुफ्फुसाच्या रोगट भागांतील रक्तवाहिन्या आखडतात, त्यामुळें हृदयाच्या उजव्या बाजूला अधिक जोर लावावा लागतो. जंतूंशीं झुंजतांना शरीरांत जो दाह उसळतो, त्यानें रक्त गोठण्याची प्रवृत्ति वाढते, आणि रोहिणींच्या भिंतींत वर्षानुवर्षें निमूटपणें बसलेले मेदाचे थर फुटण्याचा धोका उत्पन्न होतो. रोग विकोपास गेला तर रक्तदाब उतरतो. शिवाय न्युमोकॉकस नांवाचा जो जंतु या रोगाचें एक प्रमुख कारण आहे, त्याच्या अंगीं न्युमोलायसिन नांवाचें विष असतें. तें पेशींच्या आवरणाला छिद्रें पाडतें. अमेरिकेंतील कार्लोस ओरिह्युएला व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं दाखवून दिलें कीं, हा जंतु रक्तांत उतरला तर हृदयाच्या स्नायूंत शिरून तेथें सूक्ष्म व्रण करूं शकतो. पुढें २०१७ सालीं बबून जातीच्या वानरांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत औषधानें न्युमोनिया हटल्यावरही हृदयाच्या स्नायूंत वण उमटूं लागलेले आढळले. म्हणजे फुफ्फुस स्वच्छ झालें, एक्स-रे स्वच्छ झाला, तरी हृदयावरील लेख पुसला गेला असें समजतां येत नाहीं.

अशा वेळीं हृदयाला किती लागलें आहे हें बाहेरून कसें कळावें? रुग्णाला आधींच धाप लागलेली, आधींच छाती दुखत असलेली. त्यांतलें फुफ्फुसाचें किती आणि हृदयाचें किती हें अनुभवी डॉक्टरांनाही नुसत्या तपासणीनें सांगणें कठीण जातें. येथें रक्तांतील दोन साक्षीदार उपयोगी पडतात. पहिल्याचें नांव ट्रोपोनिन, दुसऱ्याचें बी.एन.पी.

ट्रोपोनिन हें स्नायूच्या तंतूंत बसलेलें प्रथिन होय. तें प्रथम जपानांत सेत्सुरो एबाशी यांच्या प्रयोगशाळेंत १९६०-७० च्या दशकांत ओळखलें गेलें. स्नायूच्या आकुंचनाचें तें जणूं कुलूप आहे आणि कॅल्शियम ही त्याची किल्ली. त्याचे तीन घटक असून त्यांपैकीं 'टी' व 'आय' हे दोन हृदयाच्या स्नायूंत हातापायांच्या स्नायूंपेक्षां वेगळ्या घडणीचे असतात. हें वेगळेपण कामाचें ठरलें. हृदयाच्या घडणीचें ट्रोपोनिन रक्तांत सांपडलें, तर तें हृदयांतूनच आलें असें म्हणतां येऊं लागलें. जर्मनींत ह्युगो काटुस यांनीं १९८९ सालीं ट्रोपोनिन 'टी' मोजण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि पुढें ती इतकी सूक्ष्म होत गेली कीं आज या 'टी'ची मर्यादा एक लिटर रक्तद्रवांत १४ नॅनोग्रॅम एवढी धरतात. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. ही मर्यादा निरोगी माणसांच्या मोजमापांवरून ठरविलेली आहे. शंभर निरोगी माणसांपैकीं नव्याण्णव तिच्या आंत बसतात.

आतां आमच्या पत्रलेखकांच्या पहिल्या शंकेचें उत्तर देतां येईल. रस्त्यानें जातांना एखाद्या घराच्या भिंतीची वीट खालीं पडलेली दिसली, तर भिंतीला धक्का बसला एवढें निश्चित कळतें. तो धक्का भूकंपाचा होता, कीं मालमोटारीचा, कीं पावसानें भिंत फुगली, हें कांहीं विटेवर लिहिलेलें नसतें. ट्रोपोनिन ही ती वीट. रोहिणी बंद पडून हृदयाचा भाग मेला तरी ती पडते, आणि न्युमोनियाच्या ओझ्यानें हृदय दमलें तरी ती पडते. कारण कोणतें हें ठरविण्यासाठीं डॉक्टर इ.सी.जी. पाहतात, छातीच्या दुखण्याची तऱ्हा विचारतात, हृदयाचा एको काढतात, आणि कांहीं तासांनीं ट्रोपोनिन पुन्हां मोजून तो चढतो आहे कीं स्थिर आहे हें बघतात. एकाच आंकड्यावरून निदान करणें हें मोबाइलचें काम, डॉक्टरांचें नव्हे.

दुसऱ्या साक्षीदाराची कथा अधिक मनोरंजक आहे. कॅनडांतील आदोल्फो द बोल्ड यांनीं १९८१ सालीं उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून तो दुसऱ्या उंदरांना टोंचला, तेव्हां त्या उंदरांच्या मूत्रावाटें मीठ व पाणी भराभर बाहेर पडूं लागलें. हृदय हा नुसता पंप नसून तें स्वतः संदेशद्रव्यें स्रवतें, ही गोष्ट त्यावरून ध्यानांत आली. पुढें १९८८ सालीं जपानी संशोधकांना त्याच जातीचें एक द्रव्य डुकराच्या मेंदूंत सांपडलें. म्हणून त्याच्या नांवांत मेंदूचा उल्लेख शिरला, आणि बी.एन.पी. मधील 'बी' हें अक्षर त्याचेंच. मागाहून कळलें कीं तें मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत तयार होतें. नांव मेंदूचें आणि वास्तव्य हृदयांत! व्याकरणांत रूढ शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीवरून लावूं नये असें आम्ही विद्यार्थ्यांना बजावीत असूं, त्याला हें चांगलें उदाहरण झालें असतें.

हृदयाच्या भिंतीवर ताण येऊन ती ताणली गेली, कीं हें द्रव्य स्रवूं लागतें. 'पाणी फार झालें, थोडें उतरवा' असा तो हृदयाचा मूत्रपिंडांना निरोपच होय. मूळ द्रव्याचे स्रवतांना दोन तुकडे होतात, एक बी.एन.पी. आणि दुसरा एन.टी.-प्रो-बी.एन.पी. दुसरा तुकडा रक्तांत अधिक काळ टिकतो. दोहोंचे आंकडे मात्र अगदीं वेगळे असतात, हें कागद वाचतांना विसरूं नये. ट्रोपोनिन सांगतें कीं हृदयाला इजा झाली, बी.एन.पी. सांगतें कीं हृदयावर ताण आहे. गंभीर न्युमोनियांत दोन्ही चढलेलीं असणें ही नवलाची गोष्ट नव्हे. अतिदक्षता विभागांत दाखल झालेल्या बहुतेक रुग्णांत ट्रोपोनिन वाढलेलें आढळतें.

तर मग त्यावरून पुढचें भाकित कितपत करतां येतें? येथें आम्ही एक उदाहरण थोडें विस्तारानें देतों, कारण त्यांतले आंकडे लहान आहेत आणि ज्याला बेरीज येते त्याला ते पडताळतां येतील. २०२० सालच्या आरंभीं चीनमधील वुहान शहरांत कोरोनाच्या न्युमोनियानें हाहाकार उडविला होता. तेथील एका रुग्णालयांतील १८७ रुग्णांची हकीकत त्याच वर्षीं प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं ४३ मरण पावले. डॉक्टरांनीं या सर्वांचे चार गट केले. ज्यांना पूर्वींचा हृदयरोग नव्हता आणि ट्रोपोनिनही वाढलें नव्हतें असे १०५. त्यांतले ८ गेले. पूर्वींचा हृदयरोग होता, पण ट्रोपोनिन वाढलें नाहीं असे ३०. त्यांतले ४ गेले. पूर्वींचा हृदयरोग नव्हता, पण ट्रोपोनिन वाढलें असे १६. त्यांतले ६ गेले. आणि ज्यांना दोन्ही होतीं असे ३६. त्यांतले २५ गेले.

वाचकांनीं मधले दोन गट शेजारीं ठेवून पाहावे. जुना हृदयरोगी, पण या आजारांत हृदय शाबूत राहिलेलें, अशा तिसांमागें चार मृत्यु. आणि ज्याला हृदयरोग म्हणून कधीं ठाऊक नव्हता, पण या आजारांत ज्याच्या हृदयाला लागलें, अशा सोळांमागें सहा. सोळा हा आंकडा लहान आहे, त्यावर मोठी इमारत बांधूं नये. तरी 'आमच्या आप्पांना हृदयाचा त्रास कधींच नव्हता' या वाक्यावर आपण घरांत जेवढा विसंबून राहतों, तेवढें विसंबणें बरें नव्हे, हें त्यावरून उघड होतें. शिवाय कोरोनाचा न्युमोनिया व नेहमींचा जंतुजन्य न्युमोनिया हे सर्वस्वीं एक नव्हेत. पण नेहमींच्या न्युमोनियाविषयींही याच दिशेचा पुरावा आहे. जर्मनींत ७२८ रुग्णांचा अभ्यास करून २०१० सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यांत हृदय व रक्तवाहिन्या यांच्याशीं निगडित अशीं रक्तद्रव्यें, पांढऱ्या पेशींची संख्या वगैरे दाहाच्या नेहमींच्या खुणांपेक्षां मृत्यूचा अंदाज अधिक चांगला देतात असें दिसलें; आणि हा अंदाज नुसता २८ दिवसांचा नव्हे तर १८० दिवसांचा होता.

'अंदाज' या शब्दावर आम्हांस थोडें थांबावयाचें आहे. शालान्त परीक्षेपूर्वीं शाळेंत चाचणी परीक्षा होते. तींत नापास झालेल्या मुलांपैकीं पुष्कळ मुलें पुढें शालान्त परीक्षेंतही नापास होतात, हें कोणत्याही जुन्या शिक्षकाला ठाऊक आहे. म्हणून चाचणीचा निकाल हें भाकित करण्याचें चांगलें साधन. परंतु अमुक एक मुलगा समोर उभा राहिला असतां तो नापासच होईल असें त्यावरून सांगतां येत नाहीं. चाचणीचा उपयोग एवढाच कीं कोणत्या मुलाकडे अधिक लक्ष द्यावें हें वेळेवर कळावें. जो शिक्षक त्या निकालावरून मुलाला मागच्या बाकावर बसवून मोकळा होतो, त्यानें परीक्षेचा अर्थच ओळखला नाहीं.

ट्रोपोनिनच्या आंकड्याचें नेमकें असेंच होत असतें. आकडा मोठा आला कीं कांहीं घरांतून 'आतां कशाला हाल करावयाचे, घरींच नेऊं' असा सूर निघूं लागतो. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून रुग्णाला घरीं आणल्याचीं उदाहरणें आम्हीं आमच्याच आळींत पाहिलीं आहेत. वर सांगितलेल्या सोळांपैकीं दहा जण जगले, आणि दोन्ही आपत्ती ओढवलेल्या छत्तिसांतूनही अकरा जगले. त्या अकरांपैकीं कोणाच्या कपाळावर तसें आधीं लिहिलेलें नव्हतें. ज्या कुटुंबाला जन्मपत्रिकेंतील मृत्युयोग वाचून उपचार थांबविणें मूर्खपणाचें वाटतें, त्यानें प्रयोगशाळेच्या कागदाची पत्रिका करूं नये.

आंकड्यांच्या आणखी कांहीं खोडी आहेत. मूत्रपिंडें दुबळीं असलेल्या माणसांत हीं दोन्ही द्रव्यें न्युमोनिया नसतांही वाढलेलीं असूं शकतात. वय वाढतें तसा एन.टी.-प्रो-बी.एन.पी. चढत जातो, म्हणून हृदय निकामी होत असल्याचें निदान करण्यासाठीं पन्नाशीच्या आंत ४५०, पन्नास ते पंचाहत्तरपर्यंत ९०० आणि त्यापुढें १८०० पिकोग्रॅम अशा वेगवेगळ्या मर्यादा डॉक्टर वापरतात. नाडी अनियमित असली तर तो वाढतो. उलट स्थूल माणसांत तो अपेक्षेपेक्षां कमी येतो. ट्रोपोनिन 'टी'चा आंकडा व 'आय'चा आंकडा यांची एकमेकांशीं तुलना होत नाहीं. 'आय'चे आंकडे तर यंत्रागणिक बदलतात. काल एका प्रयोगशाळेंत तपासणी आणि आज दुसरीकडे, असें करून 'वाढलें कीं उतरलें' हें ठरवूं पाहणें व्यर्थ होय. म्हणून जुने कागद, मधुमेहाचे असोत वा मूत्रपिंडाचे, रुग्णालयांत बरोबर न्यावे. ते कपाटांत कुलुपांत असतात, किल्ली थोरल्या वहिनींपाशीं असते आणि वहिनी माहेरीं, हा प्रकार एकत्र कुटुंबांत नेहमींचा आहे.

हीं रक्तद्रव्यें असलीं तरी रुग्णाची गंभीरता ठरविण्याचें मुख्य साधन अजून उशाशीं बसूनच वापरावयाचें आहे. इंग्लंड, न्यूझीलंड व हॉलंड येथील रुग्णांवरून २००३ सालीं 'कर्ब-६५' नांवाचा जो साधा हिशेब मांडला गेला, त्यांत पांच प्रश्न आहेत. मनाचा गोंधळ उडाला आहे काय? रक्तांतील युरिया वाढला आहे काय? श्वास मिनिटाला ३० किंवा अधिक आहेत काय? रक्तदाब उतरला आहे काय? वय ६५ किंवा अधिक आहे काय? प्रत्येक 'होय'ला एक गुण, आणि येथें गुण जितके कमी तितके बरे. तीन किंवा अधिक गुण असलेल्यांत शेंकडा सुमारें २२ मृत्यु त्या पाहणींत आढळले. यांत ट्रोपोनिन नाहीं कीं बी.एन.पी. नाहीं. पण पांचांतले तीन प्रश्न तर घरांतील कोणीही सोडवूं शकेल, आणि चौथाही, रक्तदाब मोजण्याचें यंत्र घरांत असलें तर. त्यांत श्वास मोजणें सर्वांत सोपें. घड्याळ समोर धरून, रुग्णाला न सांगतां, पूर्ण एक मिनिट छातीचें वरखालीं होणें मोजावें. मनाच्या गोंधळाविषयीं तर आम्हीं मुद्दाम लिहितों. वृद्धांच्या न्युमोनियांत कधीं कधीं ताप फारसा नसतो, खोकलाही नसतो. आजोबा एकाएकीं सुनेला मुलीच्या नांवानें हांका मारूं लागतात, जेवण झालें तें विसरतात, आणि घरांतील मंडळी 'आतां वयच झालें' म्हणून हंसून सोडून देतात. हें बरळणें एका दिवसांत सुरू झालें असेल तर तें वयाचें नव्हे. तें त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.

वाढलेल्या ट्रोपोनिनवर स्वतंत्र असें औषध नाहीं. आंकडा उतरविण्याची गोळी कोणी देत असेल तर ती घेऊं नये. उपचार न्युमोनियाचाच करावयाचा, मात्र हृदयावर पहारा ठेवून. कॅनडांतील कोर्रालेस-मेदिना व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, रुग्णालयांत दाखल झालेल्या १३४३ न्युमोनिया-रुग्णांपैकीं ३५८ जणांना, म्हणजे चौघांत एकाहून थोड्या अधिकांना, हृदयाची कांहीं ना कांहीं नवी अडचण उद्भवली. आणि तींतल्या निम्म्याहून अधिक अडचणी पहिल्या २४ तासांतच लक्षांत आल्या. म्हणून डॉक्टर पहिल्या रात्रींच रुग्णाला यंत्राशीं जोडून ठेवावें असें म्हणूं लागले, तर 'नुसता न्युमोनिया आहे, एवढा खर्च कशाला' असा वाद घालूं नये. प्राणवायूचें प्रमाण, नाडीचा ताल, कोणतें जंतुनाशक हृदयाच्या तालाला बाधतें, हें सारें त्यांना पाहावयाचें असतें.

आणि सलाइनविषयीं एक शब्द. आपल्याकडे सलाइन म्हणजे शक्ति अशी समजूत इतकी रुजली आहे कीं, डॉक्टरांनीं ती लावली नाहीं तर नातेवाइकांना उपचारच झाले नाहींत असें वाटतें. सलाइन म्हणजे मीठ आणि पाणी. रक्तदाब उतरलेल्या रुग्णाला तें जीवदान देतें हें खरें. परंतु ज्याचें हृदय ताणलेलें आहे, ज्याचा बी.एन.पी. 'पाणी उतरवा' म्हणून ओरडत आहे, त्याला आग्रहानें आणखी एक बाटली चढविणें म्हणजे बुडत्याला पाणी पाजणें होय. किती द्यावें आणि केव्हां थांबवावें हें डॉक्टरांवर सोडावें, आणि 'अजून एक लावा ना' हा हट्ट करूं नये.

घरीं परतल्यावरची गोष्ट राहिली, आणि आमच्या मतें तीच घरांतील माणसांच्या हातांत सर्वांत अधिक आहे. वर उल्लेखिलेल्या संशोधकांनीं २०१५ सालीं अमेरिकेंतील पासष्टीच्या पुढील लोकांविषयीं जें प्रसिद्ध केलें, त्यांत न्युमोनियासाठीं रुग्णालयांत राहिलेल्या ५९१ जणांची तुलना तशा न राहिलेल्यांशीं केली होती. पहिल्या ३० दिवसांत हृदयविकार, पक्षाघात वगैरेंचा धोका सुमारें चौपट निघाला. तीन महिन्यांपर्यंत तो जवळजवळ तिप्पट होता, आणि पुढेंही कित्येक वर्षें पूर्ववत् झाला नाहीं. आपल्याकडे मात्र ताप उतरला, तोंडाला चव आली, कीं आजार संपला असें समजून आठव्या दिवशीं सत्यनारायण आणि दहाव्या दिवशीं पाहुण्यांची रांग!

तेव्हां रुग्णालय सोडतांना मिळणारा कागद नीट वाचावा. आजारांत रक्तदाब उतरल्यामुळें रक्तदाबाच्या गोळ्या बंद केलेल्या असतात. त्या पुन्हां केव्हां सुरू करावयाच्या हें विचारून घ्यावें. उलट, हृदयासाठीं रोज घेत असलेलीं औषधें 'इतकीं एकदम नकोत' म्हणून घरच्या घरीं बंद करूं नयेत. न्युमोकॉकसवरील व फ्ल्यूवरील लस केव्हां घेतां येईल हेंही त्याच वेळीं विचारावें. पहिला महिना रुग्णाचें वजन रोज सकाळीं, शौचानंतर व न्याहारीपूर्वीं, एकाच काट्यावर करून भिंतीवरील पंचांगांत त्या तारखेच्या चौकोनांत लिहावें; हें काम शाळेंत जाणाऱ्या नातवाला द्यावें, तो तें आनंदानें करितो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलें, पायांवर बोट दाबलें असतां खळगा राहूं लागला, एका उशीवर निजणाऱ्याला दोन उशा लागूं लागल्या, किंवा रात्रीं धापेनें जाग येऊं लागली, तर पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट पाहूं नये. त्याच दिवशीं, रविवार असला तरी, डॉक्टरांकडे जावें. छातींत दाटून आलें किंवा हातापायांतील शक्ति एकाएकीं गेली, तर डॉक्टरांच्या वेळेचीही वाट न पाहतां सरळ मोठें रुग्णालय गांठावें, आणि जातांना ते जुने कागद घ्यावे.